‘एच-इंडेक्स ४२’ एवढ्याने वाचकाला काय कळते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संशोधकांच्या गौरवाच्या बातम्यांत अलीकडे आकडे ठळक छापले जातात. इतके शोधनिबंध, इतकी सायटेशन्स, एच-इंडेक्स इतका, शिवाय ‘जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत समावेश’. बातमी औषधशास्त्रातल्या, म्हणजे फार्माकॉलॉजीतल्या, संशोधकाची असली की वाचणाऱ्याला साहजिकच वाटते, यांच्या कामातून एखादे औषध निघाले असणार, निदान रुग्णांचे काही भले झाले असणार. आकड्यांवरून यातले काहीच ठरवता येत नाही. सायटेशन म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आपल्या निबंधाच्या शेवटच्या यादीत या निबंधाचे नाव घातले, एवढेच. नाव आधार म्हणून घातले, खोडून काढण्यासाठी घातले की नुसती रीत म्हणून, हे त्या आकड्यात नसते. आम्ही हा विषय शिकवतो आणि या क्षेत्रातले निबंध छापण्यापूर्वी तपासतो. ही मोजणी कशी चालते, कुठे फसते आणि बातमी छापण्याआधी काय पाहून घेता येते, ते आपल्या वाचकांपुढे मांडायचे आहे.

आधी एच-इंडेक्स. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो २००५ मध्ये सुचवला. संशोधकाचे निबंध सायटेशन्सच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत यायचे. ज्या क्रमांकाच्या निबंधापर्यंत सायटेशन्स त्या क्रमांकाइतकी किंवा अधिक आहेत, तो क्रमांक म्हणजे एच. समजा, एकाच्या दहा निबंधांना १२०, ६४, ३१, १८, १२, ९, ८, ७, ५ आणि २ सायटेशन्स आहेत. सातव्या निबंधाला ८ आहेत, म्हणून तो धरला. आठव्याला ७ च, म्हणून तिथे थांबायचे. एच झाला ७. आता यातून त्याने स्वतःच्याच निबंधांत दिलेले स्वतःचे संदर्भ काढून टाकू. समजा उरले ११५, ५८, २४, ११, ६, ४, ३, ३, २ आणि १. एकूण बेरीज २७६ वरून २२७ झाली, म्हणजे सुमारे १८ टक्के घट. एच मात्र ७ वरून ५ वर आला, म्हणजे जवळजवळ २९ टक्के घट.

असे होते, कारण एच ठरतो तो सीमेवरच्या निबंधांवर. तिथे एकदोन संदर्भ वाढले की आकडा वर सरकतो. १२० वाल्या निबंधाला आणखी पन्नास मिळाले तरी तो जागचा हलत नाही. ती सीमा कुठे आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा आकडा फुगवणे अवघड नाही. स्वतःच्या आधीच्या कामाचा उल्लेख करण्यात गैर काहीच नाही. एकाच रेणूवर दहा वर्षे काम करणाऱ्याला तो करावाच लागतो. पण दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिसले पाहिजेत. सायटेशन्स मोजणाऱ्या माहितीकोशांपैकी स्कोपसमध्ये स्वसंदर्भ वगळण्याची सोय आहे, वेब ऑफ सायन्सच्या सायटेशन रिपोर्टमध्येही तो आकडा वेगळा मिळतो. गूगल स्कॉलरच्या पानावर मिळत नाही. शिवाय एच साठत जातो, वयाबरोबर वाढतो, काम थांबले तरी वाढतो. तीस वर्षांच्या कारकिर्दीचा एच आणि आठ वर्षांच्या कारकिर्दीचा एच एका ओळीत छापणे म्हणूनच चूक आहे. निदान पहिल्या निबंधाचे साल तरी सोबत हवे.

एकाच माणसाचे तीन ठिकाणी तीन एच निघतात आणि त्यात फसवणूक नसते. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तपासणीआधीच खुले केलेले निबंध), परिषदांच्या पुस्तिका आणि इंटरनेटवर ठेवलेल्या इतर विद्वत्तापूर्ण मजकुरातले संदर्भही मोजते, म्हणून तिथला आकडा बहुधा सर्वांत मोठा असतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स मुख्यतः ठरावीक जर्नलेच मोजतात, आणि त्या दोघांच्या जर्नलांच्या याद्याही वेगळ्या आहेत. म्हणून ‘एच-इंडेक्स ४२’ हे वाक्य अपुरे आहे. कुठला, कोणत्या तारखेचा, स्वसंदर्भांसह की त्यांच्याविना, हे सांगितल्यावर ते पुरे होते.

नावांचा घोळ निराळाच. एक आडनाव आणि एक आद्याक्षर असलेली माणसे जगात शेकड्यांनी असतात. गूगल स्कॉलरच्या पानावर निबंध आपोआप जमा होण्याची सोय चालू ठेवली, तर नावबंधूंचे निबंधही येऊन बसतात. उलट बाजूने, लग्नानंतर नाव बदललेल्या किंवा रोमन लिपीत नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेल्या संशोधिकेची खाती फुटतात आणि प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दिसतो. यावर उपाय म्हणून २०१२ पासून ऑर्किड हा सोळा अंकी क्रमांक आहे. तो मागावा, त्यावरची यादी आणि बातमीत सांगितलेली यादी जुळते का ते पाहावे. फरक मोठा असेल तर तिथेच थांबून विचारावे. पण ऑर्किडची यादी संशोधक स्वतःही भरू शकतो, त्यामुळे ती ओळखीचा पुरावा आहे, गुणवत्तेचा नव्हे.

आता यादीच उघडू. निबंध कोणत्या प्रकारचा आहे हे पाहिल्याशिवाय औषधशास्त्रात सायटेशन्सचा अर्थच लागत नाही. प्रयोगाचा मूळ निबंध, आढावा-लेख, मोजमापाची पद्धत सांगणारा निबंध, मार्गदर्शक सूचना, संपादकीय आणि परिषदेतला सारांश यांची सायटेशन्स एका पोत्यात घालता येत नाहीत. आढावा-लेखांना साधारणपणे मूळ प्रयोगांपेक्षा जास्त संदर्भ मिळतात, कारण प्रस्तावना लिहिणाऱ्याला वीस निबंधांऐवजी एक आढावा सांगणे सोयीचे असते. पद्धतींचे तर विचारूच नका. प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची लाउरी आणि सहकाऱ्यांची १९५१ ची पद्धत हा जगातल्या सर्वांत जास्त उद्धृत निबंधांपैकी एक. २०१४ पर्यंतच त्याला तीन लाखांहून अधिक संदर्भ मिळाले होते. आमच्या क्षेत्रात आयसी-५० (निम्मी क्रिया रोखणारी तीव्रता) या आकड्यावरून औषध रिसेप्टरला, म्हणजे ते ज्याला चिकटते त्या प्रथिनाला, किती घट्ट बिलगते ते काढण्याचे चेंग आणि प्रूसॉफ यांचे १९७३ चे समीकरण असेच पिढ्यान्‌पिढ्या उद्धृत होत आले आहे. त्यांचे मोल मोठे आहे, पण ते हत्याराचे मोल आहे. हजारो प्रयोगशाळांनी पाना वापरला म्हणजे पाना बनवणाऱ्याने हजार यंत्रे शोधली असे होत नाही.

यातला एक बारकावा बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतो. ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी आपल्या लेखकांना रिसेप्टर आणि औषधांची नावे ‘गाइड टू फार्माकॉलॉजी’ या संदर्भकोशाप्रमाणे लिहायला आणि त्या मालिकेतल्या संक्षिप्त मार्गदर्शिकेचा संदर्भ द्यायला सांगते. शिस्त चांगली आहे. पण तिच्यामुळे त्या मार्गदर्शिकेच्या लेखकांच्या खात्यावर संदर्भ नियमाने जमा होत राहतात. यात त्या लेखकांचा काही दोष नाही आणि मार्गदर्शिका खरोखरच मोलाची आहे; फक्त ती सायटेशन्स ‘या शोधाने जगाला हलवले’ असे सांगत नाहीत.

संदर्भ कशासाठी दिला गेला हे न पाहिल्याने काय होते, त्याचे औषधशास्त्रातले सर्वांत जड उदाहरण योगायोगाने संपादकांना लिहिलेले एक पत्रच आहे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९८० साली पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांची नोंद पाहिली असता, पूर्वी व्यसन नसलेल्यांपैकी चौघांतच व्यसनाची नीट नोंद झालेली आढळली, असे त्यात म्हटले होते. घरी नेऊन महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात एक शब्द नव्हता. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये या पत्राच्या संदर्भांची मोजदाद छापून आली. एकूण ६०८ ठिकाणी ते उद्धृत झाले होते. त्यांतल्या ४३९ ठिकाणी, म्हणजे ७२ टक्क्यांहून अधिक, ‘व्यसन क्वचितच लागते’ याचा पुरावा म्हणून, आणि ४९१ ठिकाणी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते याचा उल्लेखच नव्हता. उत्तर अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाने आणि अतिमात्रेने किती माणसे गेली हे सर्वांना माहीत आहे. हे पत्र कुणाच्या खात्यावर ‘६०८ सायटेशन्स’ म्हणून दिसले असते, तर बातमी गौरवाचीच झाली असती. आता त्या पत्राच्या माथ्यावर जर्नलने सावधगिरीची सूचना लावली आहे.

दुसरे उदाहरण अलीकडचे. आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे औषध पेशींमधल्या सार्स-कोव्ही-२ विषाणूची वाढ रोखते असा निबंध एप्रिल २०२० मध्ये आला आणि पाहता पाहता प्रचंड उद्धृत झाला. प्रयोग बशीतला होता आणि वापरलेली तीव्रता ५ मायक्रोमोलर होती. माणसाला नेहमीची मात्रा दिल्यावर रक्तद्रवात या औषधाची जी कमाल पातळी येते, ती याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास असते. औषधशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्याने पहिल्यांदा विचारावा असा हा प्रश्न: बशीतली तीव्रता शरीरात गाठता येते का? तो प्रश्न सायटेशन्सच्या आकड्याने कधीच विचारला नाही.

वनस्पतिजन्य घटकांवरच्या निबंधांची हीच गत आहे. काही रेणू इतक्या चाचण्यांत ‘परिणामकारक’ दिसतात की संशय यावा. ते प्रथिनांना वाटेल तिथे चिकटतात, चाचणीच्या रंगात किंवा प्रकाशात ढवळाढवळ करतात, नाहीतर मोठे गुठळे करून प्रथिनांना अडवतात. अशा रचनांना २०१० पासून ‘पेन्स’ या संक्षेपाने ओळखले जाते. हळदीतले कर्क्युमिन त्यांतलेच, तोंडावाटे दिल्यावर ते रक्तात अत्यल्प उतरते आणि तटस्थ पीएचला फार टिकत नाही. तरी त्यावरच्या निबंधांना संदर्भांची वाण नाही, कारण तो विषय हाताळणारे हजारो आहेत आणि ते एकमेकांना उद्धृत करतात. संख्या मोठी होते ती विषयाच्या गर्दीने. म्हणूनच क्षेत्राची सरासरी धरून केलेले माप साध्या संख्येपेक्षा बरे. स्कोपसच्या क्षेत्रसापेक्ष मापात १ म्हणजे त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या निबंधांची जागतिक सरासरी. मात्र वीस-पंचवीस निबंधांच्या यादीत एकच गाजलेला निबंध हे माप दुप्पट-तिप्पट करून टाकतो. तेव्हा सरासरीपेक्षा, आपल्या विषयातल्या वरच्या दहा टक्क्यांत या व्यक्तीचे किती निबंध आहेत, हे विचारणे अधिक शहाणपणाचे.

आम्ही स्वतः यादी तपासताना जे करतो ते कोणत्याही वार्ताहराला जमण्यासारखे आहे. सर्वांत जास्त उद्धृत असे पाच मूळ निबंध निवडावेत. आढावे बाजूला ठेवावेत. प्रत्येकाला उद्धृत करणारे दहा निबंध उघडावेत आणि नेमके ते वाक्य शोधावे. संदर्भ प्रस्तावनेतल्या ‘४ ते ११’ अशा घोळक्यात असेल, तर तो रीतीचा. पद्धतीच्या भागात असेल, तर कुणीतरी खरोखर काहीतरी वापरले आहे. चर्चेच्या भागात ‘आमचे निष्कर्ष यांच्याशी जुळतात’ किंवा ‘जुळत नाहीत’ असे असेल, तर ते वाक्य बातमीत घालण्याच्या योग्यतेचे. पन्नास वाक्ये वाचायला दुपार पुरते, आणि त्या दुपारीत एच-इंडेक्सपेक्षा पुष्कळ अधिक हाती लागते.

निबंधांची संख्या मोजतानाही सावध राहावे. प्राण्यांवरच्या एकाच प्रयोगाचे तीन निबंध करणे ही आमच्या क्षेत्रातली जुनी खोड. स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेही केलेले उंदीर, गटात सहा-सहा. रक्तशर्करेचा एक निबंध, त्याच उंदरांच्या कोलेस्टेरॉलचा दुसरा, त्यांच्याच यकृतातल्या ऑक्सिडीकरणाचा तिसरा. पकडायचे कसे? तिन्ही निबंधांतला नैतिक समितीच्या परवानगीचा क्रमांक, मात्रा, दिवस आणि मुख्य म्हणजे तुलनागटाचे आकडे शेजारी ठेवावेत. तुलनागटाचे सरासरी वजन दशांश स्थळांपर्यंत तेच निघाले, तर उंदीर तेच आहेत. हे उघड सांगितले असेल तर चालते. लपवले असेल तर तीन निबंधांचा एक धरावा. आणखी एक साधी पाहणी: ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी संख्याशास्त्रीय कसोटी लावण्यासाठी गटात किमान पाच स्वतंत्र नमुने मागते. एकाच बशीतले द्रावण तीनदा मोजून ‘तीन नमुने’ लिहिणारे निबंध यादीत किती आहेत, ते पाहिले की कामाची घडण कळते.

लेखकांच्या यादीतले स्थानही बघावे लागते. जैववैद्यकात पहिला लेखक बहुधा हाताने काम केलेला आणि शेवटचा प्रयोगशाळेचा प्रमुख असतो. मधली नावे छोट्या वाट्याची असू शकतात. जागतिक रोगभाराच्या अभ्यासासारख्या प्रकल्पांत शेकडो सहलेखक असतात आणि निबंधांना हजारो संदर्भ मिळतात. अशा चार-पाच निबंधांत मध्ये कुठेतरी नाव असले की एकूण सायटेशन्सचा आकडा डोळे दिपवतो. याच्या अगदी उलट टोकाला आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या औषधाची रचना सांगणारा १९७७ चा चिनी निबंध आहे. त्यावर व्यक्तींची नावे नव्हती, संशोधक गटाचे नाव होते. त्या औषधाच्या शोधासाठी तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले, पण कोणतीही आकडेमोड त्यांना १९७७ मध्ये ‘आघाडीच्या’ ठरवू शकली नसती. रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये ॲड्रिनलिनच्या रिसेप्टरांचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार मांडले. जवळपास दशकभर त्याकडे फारसे कुणी वळले नाही. पुढे त्याच पायावर जेम्स ब्लॅक यांनी हृदयविकारावरची बीटा-ब्लॉकर औषधे उभी केली, प्रोप्रॅनोलॉल आले आणि १९८८ चे नोबेलही. दोन वर्षांच्या खिडकीतून पाहणाऱ्या मापाला आल्क्विस्ट दिसलेच नसते.

त्या खिडकीबद्दल थोडक्यात. इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलचा आकडा आहे, माणसाचा नाही. गेल्या दोन वर्षांतल्या निबंधांना यंदा मिळालेले संदर्भ भागिले त्या निबंधांची संख्या. मोजकेच निबंध बहुतेक संदर्भ ओढून घेतात. स्फटिकशास्त्राच्या एका जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २००९ मध्ये २ च्या आसपासून एकदम ५० च्या घरात गेला, तो मुख्यतः एका संगणकीय प्रणालीवरच्या एकट्या निबंधाने. त्या वर्षी तिथे छापलेले बाकीचे लेखक रातोरात पंचवीस पट थोर झाले नव्हते. जर्नलच्या आकड्यावरून व्यक्तीचे मोजमाप करू नये, हे संशोधनाच्या मूल्यमापनावरच्या सॅन फ्रान्सिस्को घोषणापत्रात २०१३ पासून लिहिलेले आहे.

मागे घेतलेल्या निबंधांकडे बातम्या सर्वांत कमी लक्ष देतात आणि नुकसान तिथेच सर्वांत जास्त होते. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवरच्या औषधांवर काम केलेल्या योशिताका फुजी या भूलतज्ज्ञाचे २१२ निबंध तपासले गेले. २०१२ च्या अहवालात त्यांपैकी १७२ मध्ये बनावट माहिती ठरली. त्याआधीची अनेक वर्षे ही यादी कोणत्याही मापाने भक्कमच दिसत होती. योआखिम बोल्ट यांचे हायड्रॉक्सीएथिल स्टार्च या सलाइनसारख्या द्रावावरचे काम असेच भरघोस उद्धृत होते. २०१३ मध्ये त्यांच्या सात चाचण्या वगळून बाकीच्या चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा गंभीर रुग्णांत या द्रावाने मृत्यू आणि मूत्रपिंडाची इजा वाढते असे दिसले. निबंध मागे घेतला तरी त्याची सायटेशन्स खात्यावरून जात नाहीत. एच-इंडेक्समध्ये ती मोजली जातच राहतात. पडताळणी मात्र आता विनामूल्य आहे. मागे घेतलेल्या निबंधांची रिट्रॅक्शन वॉचची यादी २०२३ पासून क्रॉसरेफ या संस्थेने सर्वांना खुली केली आहे आणि पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीवर मागे घेतलेल्या निबंधाच्या माथ्यावर तशी पट्टी असते. नाव टाकायचे, बघायचे, पाच मिनिटांचे काम. एखादा निबंध संशोधकाने स्वतः प्रामाणिक चूक कळवून मागे घेतला असेल, तर ते त्याच्या बाजूचे मानावे. कारण वाचल्याशिवाय शिक्का मारू नये.

राहिली ती ‘दोन टक्क्यांची’ यादी. ती स्टॅनफर्ड विद्यापीठाने दिलेला पुरस्कार नाही. तिथले प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून ती करतात. तीत सहा मापांचा एकत्रित गुण असतो आणि एकटा, पहिला किंवा शेवटचा लेखक असण्याला वजन दिलेले असते, हे तिचे बरेपण. पण याद्या दोन आहेत, एक पूर्ण कारकिर्दीची आणि एक केवळ एका वर्षाची, आणि बातमीत कुठली हे क्वचितच सांगितलेले असते. त्याच तक्त्यात स्वसंदर्भांच्या टक्केवारीचा रकाना आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत मागे घेतलेल्या निबंधांचाही. नाव शोधण्यासाठी तक्ता उघडलाच आहे, तर उजवीकडे सरकून ते दोन रकानेही वाचावेत.

आमची विनंती नेमकी आहे. संशोधकाची बातमी देताना एच-इंडेक्सबरोबर माहितीकोशाचे नाव, तारीख आणि स्वसंदर्भ वगळून येणारा आकडा छापावा. सर्वाधिक उद्धृत तीन निबंध कोणत्या प्रकारचे आणि त्यांत या व्यक्तीचे स्थान कोणते, ते एका ओळीत सांगावे. आणि त्यांतला निदान एक निबंध कुणी, कशासाठी वापरला ते संशोधकाकडूनच विचारून लिहावे. ज्याच्या कामात दम आहे त्याला या प्रश्नांचा आनंदच होतो. आणि ज्या निबंधाची बातमी आपण पहिल्या पानावर दिली तो पुढे मागे घेतला गेला, तर ती बातमीही पहिल्याच पानावर यावी.

आपले,
औषधशास्त्राचे काही अध्यापक व निबंध-परीक्षक